पडद्यावर फोटो धुरकट का दिसतो? स्लाइड शोसाठी फोटो लहान करायची गोष्ट

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले एकदम, आणि तेव्हापासून आमच्या ट्रेकच्या ग्रुपला नुसता उत्साह आलाय. पन्हाळा ते पावनखिंड चालून आल्यावर एका रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून हॉल घेतला, प्रोजेक्टर भाड्यानं आणला, घरच्यांना बोलावलं आणि फोटो दाखवायला बसलो. तीन जणांचे चांगले कॅमेरे, बाकीच्यांचे मोबाईल, निवडून निवडून दोनशे फोटो काढलेले.

आणि झालं काय, की एकेक फोटो यायला चार-पाच सेकंद लागायला लागली, मधेच अर्धा फोटो वरून खाली पडद्यासारखा उतरायचा, मोबाईलवरचे उभे फोटो आडवे झोपलेले, आणि जे फोटो व्यवस्थित आले ते पण बघताना काहीतरी खटकत होतं, पन्हाळ्याच्या तीन दरवाजा नावाच्या प्रवेशद्वाराच्या कोरीवकामाच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसत होत्या आणि लांबचं रान म्हणजे नुसता हिरवा चिखल. आमच्यातले अण्णा वयानं सगळ्यात मोठे, ते म्हणाले, "अरे, ह्योच फोटो माझ्या मोबाईलवर काचंसारखा दिसतोय की, मग हितं असा का?"

लगेच उत्तरं आली. एकजण म्हणाला प्रोजेक्टर डब्बा आहे. दुसरा म्हणाला फोटो अजून मोठे पाहिजे होते, पडदा केवढा आहे बघ. तिसरा म्हणाला डीपीआय कमी असणार. घरी येऊन मी शांतपणे सगळं तपासलं तर प्रोजेक्टर चांगला होता, डीपीआयचा काही संबंध नव्हता, आणि फोटो लहान नव्हते, उलट गरजेपेक्षा लई मोठे होते. हे ऐकून बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग असतात, जुन्या वर्गाची स्नेहसंमेलनं असतात, लग्नात तर आता पडदा लागतोच, तेव्हा हे सगळ्यांच्याच कामाचं आहे.

## फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

दारात ठिपक्यांची रांगोळी घालतात ती डोळ्यासमोर आणा. आधी ठिपके मांडायचे, पंधरा ओळी, एकेका ओळीत पंधरा ठिपके, आणि मग त्यावर नक्षी. डिजिटल फोटो असाच असतो, फक्त प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा एक रंग असतो आणि ठिपके इतके जवळ असतात की वेगळे दिसत नाहीत. या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत त्या हिशोबाला रिझोल्युशन म्हणतात. झालं, एवढे दोन शब्द कळले की अर्धं काम झालं.

आता कॅमेऱ्यावर २४ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके, गुणाकार केला तर २ कोटी ४० लाख. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० चा, म्हणजे १ कोटी २० लाख.

## प्रोजेक्टरकडे ठिपके किती?

प्रोजेक्टरच्या आत एक छोटी चिप किंवा पॅनेल असतं, त्यावर ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात आणि ते कधी वाढत नाहीत. याला नेटिव्ह रिझोल्युशन म्हणतात. शाळा-कॉलेजातले जुने प्रोजेक्टर बरेचदा १०२४ बाय ७६८ चे असतात, म्हणजे जेमतेम ७ लाख ८६ हजार ठिपके. त्यानंतरचे ऑफिसातले १२८० बाय ८००. आणि आता जे फुल एचडी म्हणून मिळतात ते १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार.

परत वाचा. फुल एचडी प्रोजेक्टर म्हणजे फक्त दोन मेगापिक्सेल. आपण त्याच्यासमोर चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो आणि तो त्यातले दोनच मेगापिक्सेल दाखवू शकतो, तेवढीच त्याची रांगोळी आहे. अगदी खराखुरा ४के प्रोजेक्टर आणला, ३८४० बाय २१६० चा, तरी तो ८३ लाखांच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या मोबाईलच्या फोटोपेक्षा कमीच.

इथं एक गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते कारण यात लोकांचे पैसे जातायत. स्वस्तातल्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के सपोर्ट लिहिलेलं असतं. सपोर्ट म्हणजे काय, तर ४के चा व्हिडिओ दिला तर तो नाकारणार नाही, घेईल, आणि आत स्वतःच्या ठिपक्यांइतका लहान करून दाखवेल. त्याचे स्वतःचे ठिपके १२८० बाय ७२० पण असू शकतात. विकत घेताना किंवा भाड्यानं आणताना सरळ विचारा की नेटिव्ह किती आहे, आणि दुकानदाराला सांगता येत नसेल तर मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. आपल्याला लागणारा आकडा हाच एक आहे, सपोर्टचा नाही.

## पण पडदा तर आठ फुटी आहे की!

हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही, कारण मोठं छापायचं असेल तर मोठा फोटो लागतो हे आपण फ्लेक्सवाल्याकडून ऐकलेलं असतं. शिवाय ज्यांनी जुन्या खऱ्या स्लाइड बघितल्यात त्यांचा अनुभव वेगळा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मची ती छोटीशी स्लाइड, २४ बाय ३६ मिलिमीटरची, तिच्यातून थेट प्रकाश जायचा आणि तिच्यात जेवढं बारीक असेल तेवढं लेन्सच्या ताकदीनुसार पडद्यावर यायचं, मधे ठिपक्यांची जाळी नव्हती. कोडॅकनं ते स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, पण स्लाइड शो हा शब्द राहिला आणि जेवढं चांगलं देशील तेवढं चांगलं दिसेल ही समजूत पण राहिली.

डिजिटल प्रोजेक्टरमध्ये तसं होत नाही. रांगोळीकडे परत या. पंधरा बाय पंधराच ठिपके आहेत, ते बोटभर अंतरावर मांडले तर रांगोळी उंबऱ्याएवढी होते, वीतभर अंतरावर मांडले तर अख्खं अंगण भरतं, पण नक्षी तेवढीच राहते, एक पाकळी जास्त येत नाही. पडदा लांब नेला की प्रोजेक्टर एवढंच करतो, ठिपके लांब लांब मांडतो.

मग मोठ्या पडद्यावर ठिपके दिसणार नाहीत का? हिशोब करून बघू. भाड्यानं मिळतो तो ६ बाय ८ चा पडदा, आठ फूट रुंद, म्हणजे ९६ इंच. त्यावर १९२० ठिपके म्हणजे इंचाला २०, एक ठिपका साधारण सव्वा मिलिमीटरचा. चांगल्या नजरेच्या माणसाला एवढी बारीक गोष्ट चौदा-पंधरा फुटांपर्यंत सुटी कळते, त्याच्या मागं बसलेल्याला सगळं एकजीव दिसतं. तोच पडदा जुन्या १०२४ च्या प्रोजेक्टरवर भरला तर ठिपका जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होतो आणि सव्वीस-सत्तावीस फुटांपर्यंत जाळी जाणवू शकते. यावर उपाय फोटो मोठा करणं हा नाहीच, पहिली रांग मागं सरकवणं किंवा चित्र थोडं लहान पाडणं हा आहे.

## लॅपटॉप आपोआप लहान करतोच की, मग आपण कशाला?

करतो, बरोबर आहे. ६००० चा फोटो १९२० वर बसवायचा तर कोणीतरी तो लहान करणारच आहे. प्रश्न एवढाच की ते कोण करणार आणि किती निवांत करणार.

आपल्याकडं गुऱ्हाळ सगळ्यांनी बघितलंय. काहिलीभर रस असतो, तो आटवून आटवून गूळ होतो. आच किती, मळी कधी काढायची, उतरवायचं कधी, हे गुळव्याच्या हातात असतं आणि त्यानं नीट लक्ष दिलं तर गूळ पिवळाधमक, नाहीतर काळपट आणि करपट. रस तोच, काहिल तीच. फोटो लहान करणं हे तसलंच आटवणं आहे.

आता आत काय होतं ते बघा. ६००० बाय ४००० चा फोटो फुल एचडी पडद्यावर पूर्ण बसवला तर तो १६२० बाय १०८० होतो (रुंदी १९२० भरत नाही, ते का हे पुढं सांगतो). म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्यामागं मूळ फोटोतले जवळजवळ चौदा ठिपके येतात. या चौदांचा एक करायचा. घाईतला प्रोग्रॅम काय करतो, चौदातला एक उचलतो आणि तेरा टाकून देतो. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांचा लांबून काढलेला फोटो घ्या, त्या एकाखाली एक सरळ रेषा, त्यातली कुठली रेषा उचलली गेली कुठली गळली याचा काही नेम राहत नाही, मग रेषा तुटक होतात, दातेरी होतात, आणि कधी कधी तर फोटोत मुळात नव्हते असे लाटांसारखे पट्टे उठतात. खणाची चोळी, बारीक चौकड्याचा शर्ट, पत्र्याचं छप्पर, गव्हाचं शेत, जिथं जिथं बारीक आणि एकसारखं काही आहे तिथं हे होतं. निवांत करणारा प्रोग्रॅम चौदाच्या चौदा ठिपके विचारात घेतो, शेजारचे पण बघतो, आणि सगळ्यांचा मेळ घालून एक रंग ठरवतो. तीन दरवाज्याची नक्षी खराब का दिसली याचं उत्तर इथं आहे, आमचा स्लाइड शो चालवणारा प्रोग्रॅम जुना होता आणि तो घाईत आटवत होता. आजकालचे सगळेच प्रोग्रॅम वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, काही चांगलं करतात, पण हॉलमध्ये कुठला लॅपटॉप मिळेल आणि त्यात काय असेल हे आपल्या हातात नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. फोटोची नेहमीची जेपीईजी फाइल दहा एमबीची दिसते कारण ती दाबून बसवलेली असते, दाखवायच्या वेळी ती उलगडावी लागते. २४ मेगापिक्सेलचा फोटो उलगडला की एका ठिपक्याला तीन बाइट धरून ७२ एमबी होतात. १९२० बाय १०८० चा फोटो उलगडला तर सव्वासहा एमबी. जुना लॅपटॉप, त्यात पेन ड्राइव्हवरून सरळ चालवलेला शो, आणि दर चार सेकंदाला ७२ एमबी उलगडायचे, तो थांबणारच. बिचारी मशीन काय करेल.

## डीपीआय ३०० ठेवू का ७२?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय लोकांनी. उत्तर आहे, काहीही ठेवा.

डीपीआय म्हणजे कागदावर एका इंचात किती ठिपके मांडायचे याची फाइलमध्ये लिहिलेली चिठ्ठी. प्रिंटर ती चिठ्ठी वाचतो. १८०० ठिपक्यांचा फोटो ३०० नं छापला तर सहा इंचाचा येतो, १५० नं छापला तर बारा इंचाचा. ठिपके दोन्हीकडं १८००च. प्रोजेक्टर ती चिठ्ठी वाचतच नाही, कारण त्याच्या पडद्यावर इंचात किती ठिपके पडणार हे तुम्ही प्रोजेक्टर किती लांब ठेवलाय त्यावर ठरतं. ७२ चा आकडा कुठून आला, तर १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर इंचाला ७२ ठिपके होते, तेव्हापासून स्क्रीनसाठी ७२ ही म्हण पडली आणि अजून चालूय. तुम्ही रिसाइझच्या खिडकीत इंच आणि डीपीआयचे रकाने बघूच नका, फक्त पिक्सेलचा रकाना बघा.

## मग नेमका किती आकार करायचा?

प्रोजेक्टरचा नेटिव्ह आकडा ही एक चौकट समजा, आणि फोटो त्या चौकटीत पूर्ण मावेल एवढा करा, न ताणता. १९२० बाय १०८० चा प्रोजेक्टर असेल तर रुंदी १९२० च्या वर जायला नको आणि उंची १०८० च्या वर जायला नको, एवढाच नियम.

आता फोटोची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो बरेचदा ३ ला २, मोबाईलचा ४ ला ३, आणि फुल एचडी पडदा १६ ला ९, म्हणजे जास्त लांबट. म्हणून कॅमेऱ्याचा आडवा फोटो १६२० बाय १०८० वर थांबतो, मोबाईलचा आडवा १४४० बाय १०८० वर, आणि दोन्ही बाजूला काळी पट्टी राहते. राहू द्या. काळी पट्टी बघून काही लोक अस्वस्थ होतात आणि फोटो रुंदीत ताणतात, मग माणसं जाडी दिसतात, घोडा बैलासारखा दिसतो, ते मात्र कधी करू नका. पडदा पूर्ण भरायचाच असेल तर वरून-खालून कापा. ३ ला २ चा फोटो १९२० रुंद केला की उंची १२८० होते, त्यातल्या २०० ओळी कापाव्या लागतात, मग आभाळ जास्त असेल तर आभाळ कापा, पण हे प्रत्येक फोटो बघून हातानं करायचं काम आहे, सगळ्यांना एकदम कात्री लावली की कोणाचा तरी फेटा जाणार.

उभ्या फोटोंचं दुखणं वेगळं. चौकटीची उंची १०८०च आहे, म्हणून मोबाईलचा उभा फोटो फक्त ८१० बाय १०८० चा होतो, कॅमेऱ्याचा उभा ७२० बाय १०८०. पडद्याचा जेमतेम चाळीस टक्के भाग वापरला जातो. आणि इथंच बहुतेकजण चुकतात, ते सगळ्या फोटोंची लांब बाजू १९२० करतात, मग उभा फोटो १९२० उंच होतो आणि लॅपटॉपला तो परत घाईघाईत १०८० वर आणावा लागतो, म्हणजे केलेलं काम वाया. दोन उभे फोटो शेजारी शेजारी ठेवून एक स्लाइड केली तर फार छान दिसतं, चढतानाचा एक आणि उतरतानाचा एक असं काही. आणि पुढच्या वेळी शो करायचा हे आधीच माहीत असेल तर मोबाईल आडवा धरा, ग्रुपमध्ये सगळ्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा.

## लहान फोटो मोठा करून चालेल का?

गुळात पाणी घातलं तर गुळाचं पाणी होतं, उसाचा रस होत नाही. ८०० रुंदीचा फोटो १९२० केला तर मधले ठिपके कॉम्प्युटर अंदाजानं भरतो. दिसायला मऊ दिसतो, जे नव्हतं ते येत नाही. हल्लीचे एआयवाले प्रोग्रॅम अंदाज जास्त चलाखीनं करतात, पण तो अंदाजच, आणि आजोबांच्या जुन्या फोटोत कॉम्प्युटरनं स्वतःच्या मनानं डोळे काढलेले मला तरी चालणार नाहीत. लहान फोटो असेल तर तो लहानच दाखवा, मधोमध, भोवती काळं. चांगला दिसतो.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोंबद्दल सगळे विचारतात. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथं लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० च्या आसपास येते. आकड्यात बघितलं तर हे काही फार वाईट नाही, जुन्या १०२४ च्या प्रोजेक्टरला तर भरपूर आहे. नडतो तो दाब. फाइल लहान करायला जेपीईजी खूप दाबतात, आणि जेपीईजी ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून दाबतं, म्हणून आभाळात, धुक्यात, रंकाळ्याच्या संध्याकाळच्या पाण्यात ते चौकोन मोठ्या पडद्यावर दिसायला लागतात. त्यात कोणी स्क्रीनशॉट काढून परत टाकला असेल तर विचारूच नका. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय तो थोडा बरा, पण सगळ्यात चांगलं म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. आयफोनवाल्यांकडून येणारी फाइल २०१७ पासून हाइक (HEIC) नावाच्या प्रकारात असू शकते, जुना लॅपटॉप ती उघडत नाही, तिला आधी जेपीईजी करून घ्या.

## मूळ फोटोला हात लावायचा नाही

हे मी मनापासून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आजीला घेऊन आम्ही जोतिबाला गेलो होतो, चैत्रात, गुलालानं सगळी लाल झालेली. तिची ती शेवटची यात्रा ठरली. त्या फोटोंचा शो घरातल्या लग्नात दाखवायचा म्हणून मी अख्खा फोल्डर १०२४ वर रिसाइझ केला आणि प्रोग्रॅमनं विचारलं त्याच नावानं सेव्ह करू का, मी हो म्हणलं. मूळ फोटो गेले. आज तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणलं तर आठ इंच रुंदीला पण ठिपके पुरत नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी, काही करायच्या आधी, नवीन फोल्डर काढा, त्याला पडदा_१९२० असं काही नाव द्या, आणि तयार फोटो तिकडंच जातील असं बघा. मूळ फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.

## प्रत्यक्ष करायचं कसं

विंडोजवर मी इरफानव्ह्यू वापरतो, घरच्या वापराला फुकट आहे. तो उघडून बी हे बटण दाबलं की एकदम शेकडो फोटोंवर काम करायची खिडकी येते. त्यात फोटो भरायचे, आउटपुट फोल्डर नवीन द्यायचा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रुंदी १९२० आणि उंची १०८० लिहायची, प्रमाण राखा, रिसॅम्पल वापरा आणि लहान फोटो मोठे करू नका या अर्थाच्या तीन खुणा करायच्या. रिसॅम्पलची खूण म्हणजेच तो निवांत आटवण्याचा प्रकार, ती विसरू नका. लाइटरूम, एक्सएनकन्व्हर्ट, कशातही हेच जमतं, फक्त बटणं वेगळ्या जागी असतात.

लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो, कारण चौदांचा मेळ घातलाय. म्हणून लहान करून झाल्यावर हलकं शार्पनिंग करायचं, म्हणजे कडा जराशा उठावदार करायच्या. क्रम महत्त्वाचा, आधी लहान मग शार्प, उलटं केलं तर केलेलं शार्पनिंग आटण्यात निघून जातं. आणि हलकं म्हणजे हलकंच, जास्त केलं की माणसांच्या कडेला पांढरी रेघ येते आणि आठ फुटी पडद्यावर ती आधी दिसते.

जेपीईजी क्वालिटी ८५ ते ९० ठेवा. फोटो साधारण अर्धा ते एक एमबीत बसतो, दोनशे फोटो शंभर ते दोनशे एमबीत. रंगाची जागा एसआरजीबी ठेवा. रंगाची जागा म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका कुठला रंग समजायचा याचा करार, आणि बहुतेक प्रोजेक्टर एसआरजीबी धरूनच चालतात. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि शो चालवणाऱ्या प्रोग्रॅमला ते कळलं नाही तर गुलाल विटकरी दिसतो, सगळंच फिकं पडतं.

उभे फोटो आडवे का झोपले होते ते पण सांगतो. मोबाईल फोटो बरेचदा आडवाच साठवतो आणि सोबत एक टीप लिहितो की दाखवताना फिरव. जुन्या प्रोग्रॅमना, काही प्रोजेक्टरच्या पेन ड्राइव्हवाल्या प्लेअरना ती टीप वाचता येत नाही. रिसाइझ करतानाच ऑटो रोटेट चालू ठेवलं की फोटो खरोखरचा उभा होऊन साठतो, टिपेची गरज राहत नाही. तसंच नावं ००१, ००२ अशी द्या, नाहीतर काही प्लेअर १ नंतर १० दाखवतात आणि पावनखिंड आधी, पन्हाळा नंतर येतो.

पॉवरपॉइंटमध्ये करणार असाल तर फोटो आधी लहान करूनच टाका. आधीच मोठे टाकून झाले असतील तर त्यात कॉम्प्रेस पिक्चर्स आहे, तिथं १५० पीपीआय (म्हणजे स्लाइडच्या एका इंचाला १५० ठिपके) निवडलं तर १३.३३ इंची स्लाइडला २००० ठिपके मिळतात, फुल एचडीला पुरेसे. ९६ निवडू नका, ते १२८० वर येतं.

अजून एक, हे आकाराचं नाही पण राहवत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळा म्हणजे फक्त प्रकाश न टाकणं. हॉलमध्ये एक ट्यूब चालू असली तरी काळा राखाडी होतो आणि सावलीतले चेहरे बुडतात. अंधारे फोटो जरा उजळून घ्या.

## हॉलमध्ये गेल्यावर

एवढं करून शेवटी घात होतो तो लॅपटॉप जोडताना. विंडोज आणि पी ही दोन बटणं दाबली की पर्याय येतात. डुप्लिकेट ठेवलं की लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघांना एकच रिझोल्युशन मिळतं, आणि लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल तर बरेचदा फुल एचडी प्रोजेक्टरकडे पण तेवढंच जातं आणि तो ते ताणून दाखवतो. एक्सटेंड किंवा सेकंड स्क्रीन ओन्ली करा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचा नेटिव्ह आकडा आहे का ते बघा. दुसरं कीस्टोन. प्रोजेक्टर तिरका ठेवला की चित्र वर रुंद खाली अरुंद येतं, मग लोक कीस्टोनचं बटण दाबून सरळ करतात. ते आतल्या आत फोटो पुन्हा चेपून केलेलं असतं, आपण घरी ठिपक्याला ठिपका जुळवला ते सगळं मोडतं. शक्य असेल तर प्रोजेक्टर टेबलावर नीट समोर ठेवा आणि कीस्टोन शून्य करा.

हे सगळं जुळलंय का ते बघायला मी एक पाटी करून ठेवलीय. पेंटमध्ये १९२० बाय १०८० ची पांढरी पाटी घ्यायची, झूम करून एक पिक्सेलची काळी उभी रेष, एक पिक्सेल मोकळा, परत रेष, अशा वीस-पंचवीस रेषांचे गठ्ठे मधोमध आणि चार कोपऱ्यात कॉपी-पेस्ट करायचे, आणि पीएनजी म्हणून सेव्ह करायची, जेपीईजी केलं तर रेषा फिसकटतात. शोच्या आधी ती पूर्ण स्क्रीनवर लावायची आणि पडद्याजवळ जाऊन बघायचं. रेषा सुट्या सुट्या दिसल्या तर सगळं जुळलंय. राखाडी डाग दिसला किंवा लाटा दिसल्या तर मधे कोणीतरी फोटो ताणतंय किंवा चेपतंय, आणि आधी फोकस बघून मग वरच्या दोन गोष्टी तपासायच्या.

आणि कधी असंही होतं की फुल एचडी सांगितलेला प्रोजेक्टर १०२४ चा निघतो. त्यासाठी मूळ फोटोंची हार्ड डिस्क सोबत ठेवतो, इरफानव्ह्यूत दोन आकडे बदलून १०२४ आणि ७६८ लिहितो, दोनशे फोटोंचा नवा फोल्डर साध्या लॅपटॉपवर पण पाच-दहा मिनिटांत तयार होतो, लोक चहा घेईपर्यंत.